बोरघाटातला पांढरा ऐवज

जुन्या रस्त्याने खोपोलीतून बोरघाट चढताना शिंग्रोबाच्या देवळाच्या आसपास गाडी रेंगाळली, तर कापलेल्या कातळाकडे नीट बघावं. काळ्या दगडात पांढरे ठिपके दिसतात. बहुतेक मोहरीएवढे, काही सुपारीएवढे. पावसाने दगड धुतला की ते जास्तच उठून दिसतात. आमच्याकडे क्रशरवरची माणसं त्या सगळ्याला सरसकट 'गार' म्हणतात. त्यात खरी गारगोटी असते, कॅल्साइट असतं. पण पुष्कळसे ठिपके झिओलाइट नावाच्या खनिजकुळातले असतात. या कुळाच्या जिवावर मी खोपोलीत आयुष्यभर पगार घेतला, म्हणून त्याच्याबद्दल चार गोष्टी सांगायचा हक्क मला आहे असं मी समजते.

मे २०२१ आठवा. करोनाची दुसरी लाट, ऑक्सिजनसाठी धावाधाव. त्या दिवसांत एअर इंडियाची विमानं रोमहून बंगळुरूला झिओलाइट घेऊन आली. डीआरडीओच्या तंत्राने देशभरातल्या रुग्णालयांत जे ऑक्सिजन प्लांट बसवायचे होते, त्यांच्यासाठी. बातमी वाचून माझ्या भाच्याने मला फोन केला. तो तेव्हा बोगद्याच्या कामावर होता. म्हणाला, "आत्या, आपल्याकडे हे ट्रकने फेकतात आणि सरकार विमानाने आणतंय?" त्याचा प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र फोनवर मावणारं नव्हतं.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरांवर थर साचले. थिजताना त्यातले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर सरकले आणि प्रत्येक थराच्या माथ्याकडचा भाग पोकळ्यांनी भरून गेला. विहिरी खणणारे अशा दगडाला मांजऱ्या म्हणतात. पहार त्यात लवकर शिरते. पुढे या पोकळ्यांतून गरम-कोमट पाणी झिरपत राहिलं. त्याने दगडातलं सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम विरघळवलं आणि पोकळीच्या भिंतींवर पुन्हा स्फटिकरूपात बसवलं. स्टिलबाइट गुलाबी-पांढरं, मोत्यासारख्या चकाकीचं. ह्यूलँडाइटची ठेवण चपटी, शवपेटीसारखी. स्कोलेसाइट सुयांसारखं. सगळी एकाच कुळातली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे प्राध्यापक सुखेश्वाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली पश्चिम भारतातल्या दख्खन कातळातल्या झिओलाइटांची रीतसर पाहणी प्रसिद्ध केली. कोणत्या पट्ट्यात कोणतं झिओलाइट जास्त, याचा माग त्यांनी लावला होता.

त्याच्या आधी शंभर वर्षं हा ऐवज उघड्यावर आला तो रेल्वेमुळे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ साली बोरघाटाचं काम सुरू केलं आणि १८६३ मध्ये गाडी वर गेली. पंचवीस बोगदे, हजारो माणसांचे हात, कॉलऱ्यात गेलेले जीव. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि काम त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, तडीस नेलं. या कापणीत आणि सुरुंगांत स्फटिकांनी भरलेल्या पोकळ्या फुटल्या आणि त्यातले चांगले नमुने युरोपातल्या संग्रहालयांत जाऊन बसले. चिठ्ठीवर बऱ्याचदा नुसतं 'पूना' लिहिलेलं असतं. रायगड जिल्ह्याच्या वाट्याला हा उल्लेखही आला नाही, पण ते असो.

आता खनिजाचा स्वभाव. स्वीडनचा खनिजतज्ज्ञ आक्सेल क्रोनस्टेट याने १७५६ मध्ये असा एक दगड फुंकनळीच्या ज्योतीत धरला, तेव्हा तो उकळल्यासारखा फुगला आणि त्यातून वाफ निघाली. हे आमच्या प्रयोगशाळेत आम्ही कौतुकाने करून बघितलेलं आहे. स्टिलबाइटचा ज्वारीएवढा तुकडा कोरड्या जाड परीक्षानळीत घालून तळाशी तापवला, की नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब जमतात. (डोळ्यांवर चष्मा हवा, तुकडा तडकून उडतो.) दगडातून पाणी निघालं तरी दगड कोसळत नाही, कारण सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या सांगाड्यात अतिसूक्ष्म, एकसारख्या मापाच्या खोल्या आणि बोळ असतात. पाणी त्या खोल्यांत राहायला असतं, भिंतींचा भाग नसतं. अशा पोकळ रचनेमुळे एका ग्रॅम झिओलाइटच्या आत काही शे चौरस मीटर पृष्ठभाग भरतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सांगाड्यात जिथे जिथे ॲल्युमिनियम बसतं तिथे एक ऋण भार उरतो. तो भागवायला सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे आयन खोल्यांत येऊन बसतात. ते घट्ट बांधलेले नसतात. पाण्यातून दुसरा, जास्त ओढीचा आयन आला तर जागा सोडतात. माझी सगळी नोकरी या एका वाक्यावर उभी होती.

आमच्या कारखान्यात बॉयलर होता आणि पाणी बरंचसं बोअरचं. खोपोलीला टाटांचं वीजघर १९१५ पासून आहे. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी नळांतून खाली येतं, चक्रं फिरवतं आणि पाताळगंगेत सुटतं. ते पाणी पावसाचं, मऊ. बोअरचं पाणी मात्र कातळात मुरलेलं, कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन आलेलं, जड. कर्जत-खालापुरातल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. डाळ शिजत नाही, साबण फेसाळत नाही, बादलीला पांढरा थर धरतो. तोच थर बॉयलरच्या नळ्यांत धरला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, जळण जास्त लागतं, नळी लाल होते आणि एखाद्या दिवशी फाटते. बॉयलर अटेंडंटला या थराचं जे भय असतं ते त्याच्या घरच्यांनाही ठाऊक असतं.

म्हणून बॉयलरच्या आधी सॉफ्टनर. उभी लोखंडी टाकी, आत दाणेदार माल. जर्मनीत रॉबर्ट गान्स याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृत्रिम सोडियम ॲल्युमिनोसिलिकेट बनवून पाणी मऊ करायची रीत आणली; तो माल 'परम्युटिट' नावाने जगभर गेला. मी लागले तेव्हा आमच्या टाकीत रेझिन भरलेलं होतं, तरी जुनी माणसं तिला 'झिओलाइटची टाकी'च म्हणत. तत्त्व तेच. कर्जत लोकलमध्ये दोन सडपातळ माणसांना उठवून एक जाडजूड गृहस्थ बसावा, तसे दोन सोडियम उठतात आणि एक कॅल्शियम बसतो. सोडियम पाण्याबरोबर पुढे जातं. त्याचा थर धरत नाही. सगळ्या जागा कॅल्शियमने अडल्या की टाकी 'बसली'. मग मिठाचं दाट पाणी सोडायचं. सोडियमची एवढी गर्दी आत शिरते की कॅल्शियमला उतरावंच लागतं. ते पाणी गटारात, टाकी पुन्हा ताजी.

मीठ पेणकडच्या मिठागरांचं यायचं, गोणपाटात, जाडं. त्यात मॅग्नेशियम असतं, माती असते, ते निवळून घ्यावं लागे. हे काम करणारा माणूस चांगला असला की आठवडा सुरळीत जाई. माझं काम तासातासाला नमुना घेण्याचं. शंकूच्या आकाराच्या काचपात्रात पाणी, त्यात अमोनियाचं बफर (त्या वासाने सर्दी हमखास मोकळी), चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि वरून थेंब थेंब ईडीटीए. जड पाणी आधी वाइनसारखं लालसर दिसतं, मग एका थेंबाला निळं होतं. बफर-रंग घालताच पाणी थेट निळं झालं, तर सॉफ्टनर ठीक. लाल झालं, की मी फोन उचलायचा आणि खालच्या माणसाने व्हॉल्व्ह फिरवायचा. रात्रपाळी करून सकाळी लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी करत घरी येताना कित्येकदा डोळे मिटले की ती निळाई दिसायची.

पाणी मऊ करायचं हेच काम झिओलाइट कपड्यांच्या पावडरीतही करतं. आधी त्यासाठी फॉस्फेट वापरत. ते नदी-तळ्यांत जाऊन शेवाळ माजवतं हे कळल्यावर १९७०च्या दशकात जर्मनीच्या हेंकेल कंपनीने त्याच्या जागी झिओलाइट 'ए' आणलं. हे 'ए' निसर्गातलं नव्हे. युनियन कार्बाइडमध्ये रॉबर्ट मिल्टन याने ते १९४९ मध्ये प्रयोगशाळेत घडवलं. तिथून पुढे कृत्रिम झिओलाइटांची रांगच लागली. निसर्गात साठाहून थोडी अधिक झिओलाइटं सापडतात. माणसाने बनवलेल्या सांगाड्यांसकट आज ज्ञात प्रकार दोनशेच्या वर गेलेत. तेलशुद्धीकरणात १९६०च्या दशकापासून झिओलाइटांनी क्रांती केली. जड तेलाचे लांब रेणू तोडून पेट्रोल काढणाऱ्या उत्प्रेरकात आज तेच असतं, माहुलच्या रिफायनऱ्यांतही. आपल्या गाडीतलं पेट्रोल बऱ्याच अंशी झिओलाइटच्या बोळांतून बाहेर पडलेलं असतं.

घरात बघायचं असेल तर फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला विचारा. गॅस भरताना तो तांब्याची एक बोटभर जाड कुपी बदलतो, तिला 'ड्रायर' म्हणतात. ती हलवली की आत गोळ्या वाजतात. त्या झिओलाइटच्या. नळ्यांत राहिलेला पाण्याचा अंश त्या पकडून ठेवतात. नाहीतर केसासारख्या बारीक नळीत बर्फ होऊन ती तुंबते. जुना ड्रायर मेकॅनिक टाकून देतो. मी एक मागून घेतला आणि कापवला. दाणे साबुदाण्याएवढे होते.

आता ऑक्सिजन. वर्तमानपत्रांतून तेव्हा लिहून आलं की झिओलाइट 'चाळणी' आहे, नायट्रोजन मोठा म्हणून अडतो आणि ऑक्सिजन लहान म्हणून जातो. असं नाही. दोन्ही रेणू त्या बोळांत सहज शिरतात. फरक ओढीचा आहे. खोल्यांतल्या आयनांच्या विद्युतक्षेत्राला नायट्रोजनचा रेणू जास्त प्रतिसाद देतो आणि भिंतीला चिकटतो. ऑक्सिजन कमी चिकटतो आणि पुढे निघून जातो. हवा दाबाने टाकीत सोडली की नायट्रोजन आत राहतो, बाहेर ९३ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन मिळतो. शंभर टक्के का नाही, तर हवेतला आरगॉन ऑक्सिजनसारखाच वागतो आणि त्याच्याबरोबर निसटतो. टाकी भरली की दाब काढायचा, नायट्रोजन सुटतो, टाकी मोकळी. तोवर शेजारची टाकी काम करते. म्हणून अशा प्लांटमध्ये नेहमी दोन टाक्या असतात आणि त्यांचा सुस्कारा आलटून पालटून ऐकू येतो. मीठ लागत नाही, नुसता दाब वाढवायचा आणि उतरवायचा. डीआरडीओने हे तंत्र मुळात तेजस विमानाच्या वैमानिकाला उंचावर ऑक्सिजन देण्यासाठी विकसित केलं होतं. रुग्णालयांसाठीच्या प्लांटची क्षमता मिनिटाला १,००० लिटर.

भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. त्या टाक्यांतलं झिओलाइट घाटातलं चालत नाही. तिथे खोलीचं माप एकसारखं, आयन ठरावीक, दाणा न झिजणारा हवा. कारखान्यात सोडा, ॲल्युमिना, सिलिका मोजून-मापून घेऊन, ठरल्या तापमानाला शिजवून तो बनवतात. आपलं स्टिलबाइट निसर्गाने सवडीने बनवलंय. त्यात कॅल्शियम जास्त, बोळ अरुंद.

उरलेलं अर्धं उत्तर ठेवणीचं आहे. चीन, दक्षिण कोरिया, तुर्कस्तान, क्यूबा, स्लोव्हाकिया इथे झिओलाइट खणून काढतात, ते ज्वालामुखीच्या राखेचे थर बदलून झालेलं क्लिनोप्टिलोलाइट असतं. आख्खा थर झिओलाइटचा. जेसीबी लावा, दळा, पोत्यात भरा. चेर्नोबिलनंतर हेच वापरलं गेलं, कारण किरणोत्सारी सीझियम ते पकडून ठेवतं. फुकुशिमातही सीझियम पकडायला झिओलाइटच होतं. सह्याद्रीत मात्र ते कातळाच्या पोकळ्यांत विखुरलंय. एक पोतं झिओलाइट गोळा करायचं तर किती ब्रास दगड फोडावा लागेल, याचा हिशेब कुठल्याही खाणवाल्याला तोंडी करता येतो. माणसाला एखादी वस्तू हवी असते तेव्हा ती आहे की नाही यापेक्षा ती एका जागी आहे की नाही हे जास्त महत्त्वाचं ठरतं, आणि आमचा घाट या बाबतीत अगदीच गैरसोयीचा.

बांधकामात तर हा ठिपक्यांचा दगड अडचणच करतो. भाचा पनवेल–कर्जत नव्या लोहमार्गावर होता. त्या मार्गावर नढाळ, किरवली आणि वावर्ले असे तीन बोगदे. वावर्ल्याचा २,६२५ मीटरचा. पोकळ्यांचा थर लागला की दगडाची ताकद कमी, पाणी झिरपायची भीती जास्त. खडीसाठीही असा दगड वेगळा काढतात. झिओलाइटांतलं लॉमोंटाइट विशेष वाईट. मुंबईकडच्या खाणींत ते पुष्कळ सापडे. जमिनीखाली ओलसर असतं तोवर स्फटिक छान उभे दिसतात. हवेवर ठेवलं की पाणी सोडून देतं आणि हळूहळू भुकटी होते. काँक्रीटच्या खडीत असला दगड गेला तर कोरडं-ओलं होताना तो आतून सुटत जातो. म्हणून चांगला क्रशरवाला ठिपक्यांचा दगड मुरमात ढकलतो. त्या ढिगावरून नमुने उचलणारे येतात तो एक वेगळाच बाजार. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेलात तर दख्खनच्या झिओलाइटांचं वैभव काय असतं ते दिसेल. आपल्याकडच्या स्टिलबाइट-ॲपोफिलाइटच्या जोड्या परदेशात हौशी संग्राहक घेतात. ॲपोफिलाइट झिओलाइट नव्हे, शेजारी आहे. एकाच पोकळीत वाढतं. हीच स्फटिकं मुंबईच्या दुकानांत 'ऊर्जा देणारी' म्हणूनही विकतात. त्या ऊर्जेबद्दल मला काही म्हणायचं नाही. बॉयलर त्यावर चालला नसता.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. झिओलाइटांत एरिओनाइट नावाचं तंतुमय खनिज आहे. तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियात काही गावं त्याच दगडात कोरलेली, त्याच दगडाची बांधलेली. तिथे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग इतका झाला की शास्त्रज्ञांनी शोध घेतला आणि गुन्हेगार हा निघाला. सगळी झिओलाइटं तशी नाहीत. पण अनोळखी तंतुमय दगड घरात कुटू नये, आणि क्रशरवर काम करणाऱ्याने तोंडाला फडकं नव्हे, चांगला मास्क लावावा. तिथे सिलिकाची धूळ असतेच.

अलीकडे खतांच्या दुकानांत झिओलाइटची पोती दिसतात. त्यामागचं तत्त्व खरं आहे. युरियापासून जमिनीत अमोनियम होतं आणि झिओलाइट अमोनियमला जागा देतं, हळूहळू सोडतं. आमच्याकडे पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, खाचरातलं खत वाहून जातं, तेव्हा हे आकर्षक वाटणारच. पण भाताला तोच उद्देश साधायला दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अन्नपूर्णा' ब्रिकेट केव्हाच दिल्यात. चार चुडांच्या मध्ये गोळी खोचायची, खत वाहत नाही. कर्जतला त्याच विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, 'कर्जत' नावाच्या भाताच्या जाती तिथल्याच. तिथे जाऊन विचारायला पैसे पडत नाहीत. कुंडीतल्या रोपांना, नर्सरीला झिओलाइट परवडेल. एकरभर खाचराला मी आधी कोपऱ्यातल्या एका खाचरात टाकून बघेन. मत्स्यतळ्यांतही अमोनिया ओढायला ते विकतात. गोड्या पाण्यात ते काही प्रमाणात काम करतं. खाडीकाठच्या कोळंबीच्या तळ्यांत मात्र खारं पाणी, सोडियमची गर्दी. सॉफ्टनरला मीठ दिल्यावर काय होतं ते वर सांगितलंच आहे. अमोनियमला तिथे जागाच मिळत नाही. तरी विक्री चालू असते.

मागच्या वर्षी कडावकडचा एक शेतकरी ओळखीने घरी आला, पिशवीत पांढरी भुकटी घेऊन. "ताई, तुम्ही लॅबमध्ये होतात ना, हे झिओलाइट खरं का बघा." माझ्याकडे आता ना बफर, ना बर्नर. मी लिंबू कापलं आणि चमचाभर भुकटीवर पिळलं. सूं सूं करत फेस आला. झिओलाइट लिंबाने फेसाळत नाही; फेसाळतं ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीची पूड. निदान बरीचशी तरी तीच होती. त्याने पिशवीकडे बघितलं, किंमत आठवली असावी. मग म्हणाला, "वाया नाही जायची ताई. कोंबड्या आहेत घरी. अंड्याची कवचं तरी घट्ट होतील."